लाल ठिपक्याचा चाकू

नालासोपाऱ्यातल्या आमच्या आचोळ्याच्या घरात, शोकेसच्या अगदी खालच्या कप्प्यात, बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता. त्यात घडीचे चाकू होते आणि प्रत्येकाच्या मुठीवर लाल नेलपेंटचा एक ठिपका होता. नेलपेंट माझं, ठिपके बाबांचे. लाल ठिपका म्हणजे नापास.

बाबा मुंबईत अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होते. मशीनवरून उतरलेला नग त्यांच्या टेबलावर यायचा. ते तो मोजायचे, उजेडाकडे धरायचे, नखाने कड चाचपायचे आणि मग रंगाच्या दोन डब्यांपैकी एकात ब्रश बुडवायचे. हिरवा ठिपका लागला की नग पुढे जायचा, लाल लागला की वितळायला. नोकरीभर त्यांनी हेच केलं आणि निवृत्त झाल्यावर आता हे थांबवा असं त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यामुळे कोथिंबिरीची जुडी, लग्नपत्रिकेची छपाई, माझ्या ड्रेसची शिवण, शेजाऱ्यांच्या जावयाची नोकरी, सगळंच त्यांच्या नजरेखालून जायचं. जवळच्या होळी गावाहून टोपली घेऊन येणारी भाजीवाली त्यांना दारात बघूनच कपाळाला हात लावायची. "काका, तुमच्याकडं पानी पन तपासून पितात काय वो?" असं तिने एकदा विचारलं. "पितो की, गाळून," बाबा म्हणाले. त्यांना त्यात चेष्टा दिसलीच नाही.

आईला कशाचीच तपासणी करायची सवय नव्हती. दुकानदार जे बांधून देईल ते ती घेऊन यायची आणि वर त्याच्या आजारी आईची चौकशी करून यायची. हिला कोणीही टोपी घालेल, असं बाबा येताजाता म्हणायचे. आई ज्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायची त्यांत पहिला नंबर तिच्या धाकट्या भावाचा होता. बाबा ज्यांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचे त्यांतही पहिला नंबर त्याचाच होता.

हा माझा मामा विरारला मनवेलपाड्यात राहायचा. त्याआधी, नव्वदच्या दशकात, काही वर्षं तो आखातात एअरकंडिशनर दुरुस्त करायच्या कामावर होता. रजेवर आला की आमच्या घरी एक अख्खा दिवस बोलत बसायचा. कुठल्या शेखच्या न्हाणीघरात सोन्याचे नळ आहेत, कुठल्या शेखने त्याला गाडीच बक्षीस द्यायचं ठरवलं होतं आणि त्याने ती कशी नम्रपणे नाकारली, असलं बरंच. आई तोंडाला पदर लावून ऐकायची. मलाही ते आवडायचं. खरं असण्याची गरज मला वाटत नव्हती.

बाबांना ती वाटायची. एकदा मामाने त्यांना परदेशी म्हणून एक टॉर्च दिला. बाबांनी रीतसर तो उघडला, तर सेलच्या मागे मुंबईतल्या कुठल्याशा दुकानाची चिठ्ठी निघाली. मामा म्हणाला, विमानतळावर कोणीतरी बदलला असणार. तेव्हापासून आमच्या घरात 'टॉर्च' हा शब्द थापेसाठी वापरला जाऊ लागला. मामा काही सांगायला लागला की बाबा पेपरच्या आडून नुसतं "टॉर्च" म्हणायचे. आईला ते लागायचं. हसल्यासारखं करून ती आत निघून जायची.

चाकू आणला तो त्यानंतरच्या रजेत. त्याची हकिगत जुनी होती. लहानपणी गावाला या दोघा भावंडांनी आजोबांचा घडीचा चाकू कैऱ्या कापायला लपवून नेला होता. विहिरीच्या काठावर बसून मीठमसाला लावून कैऱ्या खाताना तो मामाच्या हातून सुटला आणि पाण्यात गेला. थोरली म्हणून आईने तो आपल्याच हातून पडला असं सांगितलं आणि मारही खाल्ला. तेव्हा मामाने तिला शब्द दिला होता, की मोठा झाल्यावर तुला परदेशातला चाकू आणून देईन. परदेश म्हणजे त्याच्या मनात तेव्हा मुंबईच असावी, असं आई सांगायची.

तर तो चाकू त्याने आणला. लाल मूठ, मुठीत बसवलेलं पांढऱ्या धातूचं छोटंसं चिन्ह, एक मोठं पातं, एक लहान पातं, बाटली उघडायचं एक आणि मुठीत खुपसलेली दात कोरायची काडी. मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीची बारीक अक्षरं कोरलेली होती. मी ती तेव्हा वाचली असणार, पण आठवत मात्र नाहीत. मामाने चाकू आईच्या हातात दिला नाही. धारेची वस्तू हातात द्यायची नसते, म्हणून तिच्यासमोर जमिनीवर ठेवला. आई उठून देवघरात गेली, डबीतला एक रुपया घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवला. तिच्या माहेरची ती पद्धत होती. धारेची वस्तू फुकट घेतली तर नातं कापलं जातं, तेव्हा काहीतरी मोल द्यायचं.

"गे, मी काय दुकानदार आसंय?" मामा म्हणाला.

"घे मुकाट्यानं," आई म्हणाली.

त्याने तो रुपया शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशावर थापटी मारून आम्हां सगळ्यांकडे बघून हसला. बाबा पेपर वाचत होते. त्या दिवशी ते 'टॉर्च' म्हणाले नाहीत, एवढं मला आठवतं.

आईने तो चाकू शोभेला ठेवला नाही. दुधाची पिशवी फोडायची, पेरू कापायचा, बटाटे चिरायचे, शेवग्याच्या शेंगा सोलायच्या, केळ्यांच्या घडातली एक फणी वेगळी करायची, सगळं त्याच चाकूने. विळी फक्त पालेभाजी आणि मासे चिरायला. दात कोरायची काडी पहिल्याच महिन्यात कुठेतरी हरवली. लहान पातं तिने कधी उघडलंच नाही, कारण त्याची खाच फार बारीक होती आणि आईची नखं भांडी घासून घासून कधी वाढायचीच नाहीत. चाकू वापरून झाला की ती तो विटेच्या भुकटीने घासायची. तिच्या माहेरी लोखंडाची प्रत्येक वस्तू अशीच घासत. आचोळ्यात तेव्हा जिकडेतिकडे इमारती उठत होत्या, विटांना काय तोटा! मोरीत एक तुकडा कायम पडलेला असायचा. तो फरशीवर उगाळायचा आणि काथ्याने ती भुकटी पात्यावर चोळायची. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असायची, तेव्हा तर विळी, कात्री, चाकू असे लखलखायचे की बाबासुद्धा मान डोलवायचे. पाटावर बाबांचा मापं घ्यायचा व्हर्नियर, हातोडी, विळी आणि मधोमध तो चाकू. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. हा क्रम ठरलेला होता.

बाबांना तो चाकू हवासा वाटायचा. ते कधी बोलून दाखवायचे नाहीत. पण जाताजाता ओट्यावरून उचलायचे, मोठं पातं उघडायचे, मिटायचे, कान देऊन ऐकायचे आणि "बरा आहे" म्हणून परत ठेवायचे.

पुढे मी नोकरीला लागले आणि दोन हजार पाच-सहाच्या सुमारास घरात कॉम्प्युटर आला. वीज कधी जाणार आणि कधी येणार यावर आमचं सगळं वेळापत्रक असायचं, त्यात इंटरनेटची भर पडली. बाबा तोवर निवृत्त झाले होते. लिलावाच्या एका साईटवर जगातली कुठलीही वस्तू बोली लावून घेता येते, हे मी त्यांना एकदा सहज दाखवलं आणि पुढचे कित्येक महिने मला माझ्याच कॉम्प्युटरवर बसायला जागा मिळाली नाही. पहिल्यांदा त्यांनी काय शोधलं? लाल मुठीचा घडीचा चाकू. आईच्या चाकूसारखाच, त्याच कंपनीचा.

त्यांनी बोली लावली. चाकू त्यांनाच मिळाला. पैसे आधी पाठवायचे आणि मग वस्तूची वाट बघायची, हे त्यांना पटत नव्हतं, तरी त्यांनी केलं. कुरिअरवाल्याला आमची इमारत सापडेना, तर ते स्वतः आचोळ्याच्या तळ्यापर्यंत जाऊन त्याला घेऊन आले.

त्या चाकूने त्यांनी पेरू कापला. दुसऱ्या दिवशी पात्यावर तपकिरी डाग होते. आठवड्याभरात पातं डुगडुगायला लागलं. मग त्यांनी भिंग काढलं. मुठीवरचं चिन्ह धातूचं नव्हतं, नुसता रंग होता आणि तोही तिरका. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नापास केलेल्या माणसाला कोणीतरी बसल्या जागी शेंडी लावली होती. त्यांनी माझ्याकडून विकणाऱ्याला मेल लिहून घेतला. उत्तर आलं, "अंकल, माल एकदम ओरिजिनल है, टेन्शन मत लो." त्यातलं 'अंकल' त्यांना जास्त झोंबलं. त्याच दिवशी त्यांनी माझं नेलपेंट मागून घेतलं.

त्यानंतर त्यांनी अभ्यास सुरू केला. अभ्यासच म्हणायला हवं, कारण शाळेतही मी इतका कशाचा केला नव्हता. आमच्या त्या इंटरनेटवर फोटो वरून खाली सरकत सरकत उमटायचा. आधी मूठ दिसायची, मग पातं, आणि तेवढ्यात बाबा निकाल देऊन मोकळे व्हायचे. फोटोमागे नुसतं पांढरं आणि चाकूची सावलीच नाही, म्हणजे तो कॅटलॉगमधून उचललेला, खऱ्या चाकूचा नाहीच. चारही बाजूंनी फोटो आहेत, पण पात्याचं बूड प्रत्येक वेळी अंगठ्याखाली झाकलंय, म्हणजे तिथे अक्षरं नाहीत किंवा बघवणार नाहीत अशी आहेत. वर्णनात 'अस्सल' शब्द जितक्या वेळा येईल तितका माल खोटा. जुना साठा, दुकान बंद होतंय, परदेशी जाणाऱ्या मालातला उरलेला, अशी गोष्ट जोडलेली असेल तर सरळ पुढचं पान उघडायचं. संशय आला की ते विकणाऱ्याला लिहायला लावायचे, की पातं उघडून आजच्या वर्तमानपत्रावर ठेवा, बुडाची अक्षरं दिसतील असा फोटो पाठवा. बहुतेक जण त्यानंतर गप्प व्हायचे. एकाने पाठवला, पण वर्तमानपत्र गेल्या महिन्यातलं. बाबा त्या दिवशी जेवताना दोनदा आपले आपण हसले.

हातात आल्यावर तपासायची लक्षणं निराळी. पातं मिटताना एकच स्वच्छ 'टक' यायला हवा, खरखर नको. पाती मिटून चाकू उजेडाकडे धरला तर दोन पात्यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. मुठीचे सांधे नखाला लागता कामा नयेत. हे कळावं म्हणून त्यांनी काही खोटे चाकू मुद्दाम मागवले. "नापास माल मागवून घरात भरायचा, हे कुठल्या कारखान्यात शिकवतात?" असं आईने विचारलं. तरी डबा भरत गेला.

शेवटी एका विकणाऱ्याने त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रासकट फोटो पाठवला आणि एक खरा चाकू घरात आला. खरोखर देखणा होता. बाबांनी तो फलाटीनच्या कापडात गुंडाळून ठेवला आणि त्याला 'मास्टर' म्हणायला लागले. कारखान्यात ज्या नगाशी बाकीचे ताडून बघायचे त्याला मास्टर म्हणत. त्याला हिरवा ठिपका द्यायचा त्यांचा विचार होता, पण हिरवं नेलपेंट विकत आणायला मी साफ नकार दिला.

गणपतीनंतरचा एक रविवार होता. बाबांनी मास्टर काढला, भिंग काढलं, खिडकीजवळ टेबल ओढलं आणि आईला हाक मारून म्हणाले, "अगं, तुझा तो चाकू आण जरा."

"बाबा, तो राहू द्या," मी म्हटलं.

"राहू द्या म्हणजे? ताडून तर बघायचा."

आई चाकू पुसत पुसत आली. त्यांच्या बाजूला उभी राहिली. तिला गंमत वाटत होती, कौतुकाने बघत होती. आपल्या मुलीला शाळेत बक्षीस मिळणार आहे अशा तयारीने आया उभ्या असतात, तशी.

बाबांनी मोठं पातं उघडलं. बुडाशी एकही अक्षर नव्हतं, सगळं सपाट आणि चकचकीत. मुठीवरच्या चिन्हाच्या कडा गोल झालेल्या होत्या आणि आत कुंकू बसलेलं होतं. मुठीचा लाल रंग मास्टरपेक्षा कितीतरी फिका. पात्याचा 'टक' येत नव्हता. मग त्यांनी लहान पातं उघडायचा प्रयत्न केला. ते हललंच नाही. दोनदा जोर लावला, अंगठ्याचं नख मोडलं. "जाम," ते म्हणाले. "खोट्या मालात दुसरं पातं असंच असतं. दाखवायला." त्यांनी चाकू टेबलावर ठेवला, आईकडे बघितलं आणि एकच शब्द उच्चारला.

"टॉर्च."

मग त्यांनी नेलपेंटची बाटली उघडली आणि ठिपका दिला.

आई "बरं" म्हणाली. गॅसवर काहीतरी होतं, ते बारीक करायला गेली. मला संताप आला. एवढ्या वर्षांनी कोणाचं काय अडलं होतं, असं मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "खरं ते खरं." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. बायकोला फसवलं गेलं होतं आणि त्यांनी ते शोधून काढलं होतं, एवढंच त्यांना दिसत होतं. चाकू डब्यात गेला.

दुपारी तांदूळ निवडताना आईने मला विचारलं, "तिकडे आखातातसुद्धा फसवणारे असतील ना गं?"

"असतीलच की," मी म्हटलं. "मामाला बिचाऱ्याला काय कळणार होतं?"

"हो ना." मग बराच वेळ तांदूळ चाळत राहिली. "पण ह्यांनी लगेच टॉर्च म्हटलं."

ती चाकूविषयी बोलत नव्हती. भाऊ बढाया मारतो हे तिला ठाऊक होतं, ती काही खुळी नव्हती. पण विहिरीच्या काठावर दिलेला शब्द त्याने पाळला, ही एक गोष्ट तिने सोन्याच्या नळांपासून आणि नाकारलेल्या गाडीपासून वेगळी काढून ठेवली होती. आता ती गोष्टसुद्धा त्यांच्याच रांगेत जाऊन बसत होती आणि आई तिला अडवू बघत होती.

खंडेनवमीला पाटावर व्हर्नियर आला, हातोडी आली, विळी आली. मधली जागा रिकामी होती. बाबांनी मास्टर ठेवू का म्हणून विचारलं. "तो तुमच्या कपाटात ठेवा," आई म्हणाली.

दिवाळीत भाऊबीजेला मामा आला नाही. इतक्या वर्षांत, आखातातली वर्षं सोडली तर, तो कधी चुकला नव्हता. गुडघा दुखतोय, स्टेशनचा पूल चढवत नाही, असा मामीचा फोन आला. आईने सकाळीच वडे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं करून ठेवलं होतं. "विरारहून नालासोपाऱ्याला यायला गुडघा आडवा आला," बाबा म्हणाले. आईने वड्यांवर ताट झाकलं. संध्याकाळी तिने निरांजन घेतलं आणि खिडकीच्या ग्रिलमधून चंद्राला ओवाळलं. भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. लहानपणी मला ते फार छान वाटायचं. त्या दिवशी बघवलं नाही आणि मी आत जाऊन उगाच कपाट आवरत बसले.

थंडीत वरच्या मजल्यावरचे बँकेतले शेजारी बाबांकडे आले. त्यांना ट्रेकसाठी चाकू मागवायचा होता आणि फसायचं नव्हतं. बाबांची कळी खुलली. तोंडी सांगण्यापेक्षा एक खोटा चाकू सुटा करून आतला माल कसा असतो तेच दाखवतो, असं त्यांनी शेजाऱ्यांना कबूल केलं. डबा उघडला. त्यातल्या त्यात जुना आणि कोणाच्या उपयोगाचा नाही म्हणून त्यांनी आईचाच चाकू उचलला. लहान पातं सुटावं म्हणून एका वाटीत शिवणयंत्राचं तेल घालून चाकू त्यात बुडवून ठेवला. एक-दोन दिवस तो तसाच होता. आईने वाटी बघितली आणि ती बाजूला सरकवून ओटा पुसला.

शनिवारी मी घरी होते. बाबांनी चाकू तेलातून काढला, खाचेला फडकं लावून पकडीने हळूच ओढलं, आणि लहान पातं उघडलं. त्याच्या फटीतून आधी तांबूस चिखल बाहेर आला. हळद, कुंकू आणि विटेची भुकटी, सगळ्या खंडेनवम्यांची साठलेली. बाबांनी पातं पुसलं. ते अगदी नवं होतं. कालच दुकानातून आणल्यासारखं. बुडाशी बारीक, रेखीव अक्षरं होती.

त्यांनी मास्टर काढला. दोन्ही बुडं भिंगाखाली शेजारी शेजारी धरली. अक्षरं तीच, अंतर तेच, कोरीवकामही तेच. मग त्यांनी मोठं पातं उघडलं आणि ते उजेडात तिरकं करून बराच वेळ फिरवत राहिले. "ये इकडे," मला म्हणाले. मी बघितलं. एका ठरावीक कोनात, त्या चकचकीत सपाटीवर, एका अक्षराचा खालचा पाय पुसट दिसत होता. तेवढाच उरला होता.

बाबा उठले आणि मोरीत गेले. तिथे विटेचा तुकडा होता. तो हातात घेऊन ते उभे राहिले. आईने पात्यावरचं कंपनीचं नाव इतकी वर्षं घासून घासून काढून टाकलं होतं. जे पातं तिला कधी उघडता आलं नाही, त्यावरच ते शाबूत होतं. बाबांना हे सगळं कळलं, मलाही कळलं. मला आनंद झाला होता, हे सांगायला हवं. आता सगळं सरळ होईल असं मला वाटलं.

आई स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. बाबा तिच्यासमोर गेले. चाकू तिच्या हातात दिला नाही, जमिनीवर तिच्यापुढे ठेवला, दोन्ही पाती मिटून. ठिपका वरच्या बाजूला होता.

"खरा आहे," ते म्हणाले. "माझी चूक झाली. अक्षरं होती. घासून गेली."

आईने चाकूकडे बघितलं आणि मेथीची पुढची काडी उचलली.

"मी फोन करतो त्याला," बाबा म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. "मी बोलतो. मीच सांगतो."

"त्याला काय सांगणार? त्याला माहीतच आहे की खरा आहे."

"मग?"

"मी विचारलं त्याला," आई म्हणाली. "तुम्ही ठिपका दिलात ना, त्यानंतर. फोन केला होता. म्हटलं, खरं काय ते सांग मला, मी ह्यांना सांगणार नाही. कुठून घेतला होतास?"

मामा काय म्हणाला, मी विचारलं.

"म्हणाला, ताय, तू तेवाच रुपयो दिलेलंस. इकत घेतलेल्या वस्तूची चवकशी करूचो हक्क आसा तुका." आईने हे मामाच्याच आवाजात सांगितलं, शांतपणे, प्रत्येक शब्द जागच्या जागी. तिने ते मनात किती वेळा म्हटलं असेल ते कळत होतं. "आणि ठेवला फोन."

मेथीच्या काड्या एका बाजूला आणि पानं एका बाजूला पडत होती. बाबा उभेच होते.

"खोटा होता म्हणून विचारलं, असं तरी मला स्वतःला सांगता येत होतं," ती म्हणाली. "आता तेही राहिलं नाही."

मग तिने चाकू न उचलताच बटाट्यांचं ताट पुढ्यात ओढलं आणि बाबांना म्हणाली, "ती विळी सरकवा जरा इकडे."